सव्वादोन मीटर: सहावीच्या एका वर्गातल्या दशांश-सरावाचं प्रकरण

प्रश्न साधा होता. ‘एका परकराला सव्वादोन मीटर कापड लागतं. असे तीन परकर शिवायचे तर किती कापड आणावं?’ सहावीचा वर्ग, ३४ मुलं, ऑगस्टमधली घटक चाचणी. पेपर तपासायला बसले आणि एकच उत्तर पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं: ६.४५ मीटर. मोजून पाहिलं तर १९ जणांनी तेच लिहिलं होतं. मांडणी नीटनेटकी, दशांश चिन्ह जागच्या जागी, तीन पाचे पंधरा, हातचा एक, सगळं बरोबर. फक्त सव्वादोनचे त्यांनी २.१५ केले होते. खरं उत्तर ६.७५, म्हणजे पावणेसात मीटर.

या १९ पेपरांतला एक मी बराच वेळ हातात धरून बसले. ती मुलगी करी रोडला चाळीत राहते. आई घरी शिलाई करते. अस्तर आणायचं, काजं-बटणांची पिशवी पोचवायची, ही कामं तिची. दुकानात ‘सव्वादोन द्या’ म्हणते आणि बरोबर सव्वादोनच घेऊन घरी जाते. तिनं २.१५ लिहावं, हे माझ्या डोक्यात शिरेना.

मी परळ भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. पुढे जे लिहिते आहे ते या एका वर्गाचं आहे, ऑगस्ट ते फेब्रुवारी एवढ्या काळातलं. माझी पहिली चाल चुकीची होती, ती आधी सांगते.

मी सराव वाढवला. ‘२ मी २५ सेंमी = किती मी?’ अशा २० उदाहरणांचा एक कागद, तसे सहा कागद, तीन आठवडे. मुलांनी ते भराभर सोडवले आणि मला बरं वाटलं. सप्टेंबरमध्ये तोंडी विचारलं, ‘पावणेचार किलो गूळ दशांशात लिहा.’ पाट्यांवर ३.४५ उमटले. ३.७५ लिहिणारे मोजकेच.

आता मागे वळून पाहिलं की दिसतं, माझ्या सहाही कागदांवर ‘सव्वा’, ‘पावणे’, ‘साडे’ हे शब्द कुठेच नव्हते. मुलांना जे येत होतं त्याचाच मी तीन आठवडे सराव घेतला. जिथे पाय घसरत होता तिथे आम्ही गेलोच नाही. उच्च प्राथमिकचा गणिताचा सराव म्हणजे उदाहरणांची संख्या, हे आपल्या हाडीमाशी इतकं रुजलं आहे की मूल चुकलं की आपला हात आपोआप पुढच्या कागदाकडे जातो. तो आवरणं मला फार जड गेलं.

मग मी मुलांना एकेक करून मधल्या सुट्टीत बसवायला लागले. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरणांतल्या चुका शोधायची एक सोपी रीत मांडली. मुलाला क्रमाने पाच गोष्टी करायला सांगायच्या: प्रश्न वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कसं सोडवशील ते सांग, करून दाखव, आता उत्तर लिही. जिथे मूल अडखळेल तिथे चुकीचं मूळ. एका मुलाला सात-आठ मिनिटं लागतात. शिकवायचं मात्र नाही, फक्त ऐकायचं. मला हे ऐकणंच कठीण गेलं, तोंडाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं.

एका मुलाच्या वडिलांचं लालबागला किराणा मालाचं दुकान आहे. संध्याकाळी तो गल्ल्याच्या बाजूला बसतो, कधी मालही तोलून देतो. मी त्याला विचारलं, ‘सव्वादोन किलो कसं लिहिशील?’

त्यानं २.१५ लिहिलं.

‘दुकानात काट्यावर सव्वादोन किलो तूरडाळ टाकलीस, तर काट्यावर काय दिसतं?’

‘दोन, टिंब, दोनशे पन्नास.’ क्षणाचाही वेळ लागला नाही.

‘मग इथे पंधरा कुठून आले?’

तो वहीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. ‘बाई, ते काट्यावरचं आहे. हे वहीतलं आहे.’

त्याच्या बोलण्यात चूक कबूल केल्याचा सूर नव्हता. दोन वेगळ्या गावांच्या दोन वेगळ्या रीती असाव्यात, तसं तो सांगत होता. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हिशेब विक्री करताना तोंडी विचारला तर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच धर्तीचे हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले तर ३७ टक्के. बी.एड.च्या वेळी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. लालबागच्या या मुलानं ते माझ्यासमोर बाकावर आणून ठेवलं.

आता पंधरा कुठून येतात ते. फार लांब जावं लागलं नाही. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं: मधली सुट्टी ११.३०. घड्याळाची वेळ आपण मराठीत सर्रास टिंब देऊन लिहितो. लग्नपत्रिकेतला मुहूर्त १२.३५, कार्यक्रम सायंकाळी ६.१५ वाजता. मुलाला ‘सव्वा’ आणि ‘साडे’ हे शब्द शाळेत पहिल्यांदा भेटतात ते घड्याळ शिकताना. सव्वादोन म्हणजे दोन, टिंब, पंधरा, हे तिथे पक्कं होतं. पाचवीत दशांश अपूर्णांक येतात तेव्हा टिंब तेच, शब्द तेच, फक्त टिंबामागचं घर बदललेलं असतं आणि ते बदललं आहे असं त्यांना कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

पूर्वी या गोंधळाला पैशांचा उतारा होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तरी घराघरात चार आणे म्हणजे २५ पैसे हे हाताला माहीत होतं. ते नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. माझ्या वर्गातली मुलं त्यानंतर जन्मलेली. पाव रुपया त्यांनी हातात धरलेलाच नाही. म्हणून ‘रुपये आणि पैसे’ घेऊन दशांश समजावणं मला आता पोकळ वाटतं. पाठ्यपुस्तकात ते असलं तरी माझा भर मीटर आणि किलोवर असतो.

पहिला उपक्रम व्हरांड्यात झाला. करी रोडच्या मुलीला आईचा टेप आणायला सांगितलं. तो होता १५० सेंटीमीटरचा, म्हणून खडूने फरशीवर तीन मीटरची रेघ मारून घेतली आणि प्रत्येक मीटरला आडवी खूण केली. मग तिला म्हटलं, ‘तुझ्या पेपरातले २.१५ मीटर कुठे येतात, दाखव.’ तिनं दोनच्या खुणेला टेपचं टोक लावलं, पंधरा सेंटीमीटर मोजले, खडूचा टिपका दिला. ‘आता आईला सव्वादोन लागतं, ते दाखव.’ तिनं टेप हातात घेतलाच नाही. दोन आणि तीनच्या मध्ये बोट ठेवलं, तिथून दोनकडचं पुन्हा अर्धं केलं, आणि टिपका दिला. नंतर टेप लावून पाहिला तर पंचवीसला एक बोट कमी. दोन टिपक्यांकडे ती बघत राहिली आणि म्हणाली, ‘दहा सेंटीमीटर कमी पडतंय. बाई, नेफ्यालाच उरणार नाही.’

नेफा म्हणजे परकराची नाडी ओवायची पट्टी. तो शब्द ऐकला आणि अर्धा वर्ग वाकून ते दहा सेंटीमीटर बघायला लागला. तीन परकरांना तीस सेंटीमीटर कमी, हे त्यांनीच काढलं: पावणेसात हवे, ६.४५ आणले. त्या दिवशी मी फळ्यावर काहीही लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात ‘घरं’ हा खेळ केला. सगळ्यांत जास्त उपयोग याचा झाला, म्हणून नीट सांगते. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून दोन गठ्ठे केले. एकात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन, अडीच, साडेतीन. दुसऱ्यात तास, मीटर, किलो, डझन, शेकडा, हजार आणि क्रिकेटचं षटक. चार जणांच्या गटानं प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पान उचलायचं आणि दोन गोष्टी सांगायच्या: या घरात किती जण राहतात, आणि आपल्या पानाचे एकूण किती झाले. सव्वादोन डझन म्हणजे घर बाराचं, पाव म्हणजे तीन, एकूण २७. पावणेदोन शेकडा म्हणजे १७५. सव्वादोन तास म्हणजे घर साठचं, १३५ मिनिटं. सव्वादोन किलो म्हणजे घर हजाराचं, २२५० ग्रॅम. शब्द एकच, पंधरा फक्त साठाच्या घरात, बाकी कुठेच नाही. हे मी सांगितलं असतं तर वाऱ्यावर गेलं असतं. पत्ते उचलता उचलता त्यांना स्वतःलाच ते दिसायला लागलं.

षटकाचं पान मी थोडं भीतभीतच घातलं होतं, पण तिथेच सगळ्यांत चांगली चर्चा झाली. साडेतीन षटकं म्हणजे २१ चेंडू, यावर एकमत झालं. धावफलकावर ते कसं दिसतं? ३.३. घड्याळात साडेतीन? ३.३०. वहीत? ३.५. एका मुलानं विचारलं, साडेतीन षटकांत २१ धावा झाल्या तर धावगती किती? कॅल्क्युलेटरवर २१ भागिले ३.३ केलं तर ६.३६ आलं. २१ चेंडूंत २१ धावा म्हणजे दर षटकाला सहाच, हे तर सगळ्यांना दिसत होतं. मग ३.५ नं भागलं आणि नेमके सहा आले. धावफलकावरचं टिंब हे दशांश चिन्ह नव्हेच, हा निष्कर्ष मुलांचा. दुसऱ्या गटाला ‘सव्वा’ आणि ‘षटक’ अशी पानं आली. सहाचा पाव दीड, म्हणजे साडेसात चेंडू. ‘अर्धा चेंडू टाकतात का?’ यावर इतकी वादावादी झाली की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

दशांशासाठी मी एवढीच भर घातली की या घराचा नियम वेगळा: प्रत्येक जागेवर दहा जण झाले की डावीकडे एक सरकतो. म्हणून २.५ आणि २.५० एकच. त्याच्या सरावाला वर्गात सुतळी बांधली, दोन टोकांना २ आणि ३, आणि मधे कपड्यांच्या चिमट्यांनी २.०९, २.३, २.१२, २.५, २.५० असे कागद लावायचे. २.१२ हे २.३ पेक्षा मोठं, कारण बारा तीनपेक्षा मोठे, असं मानणारी सात-आठ मुलं निघाली. दोनएक आठवडे रोज पाच मिनिटं सुतळीवर गेल्यावर ते बरंच सुटलं.

एका मुलाचे आजोबा गिरणी कामगार होते, १९८२ च्या संपापर्यंत. मी मुलांना घरी ‘पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे जुने पाढे) कुणाला येते का’ विचारून यायला सांगितलं, तेव्हा आजोबाच शाळेत आले. खुर्चीवर बसून डोळे मिटले आणि सवायकी सुरू केली. एक सव्वा सव्वा, दोन सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार, चार सव्वा पाच. आम्ही फळ्यावर शेजारी लिहीत गेलो: १.२५, २.५०, ३.७५, ५.००. आठपर्यंत आल्यावर एका मुलीनं आजोबांना थांबवलं. ‘आजोबा, दर चौथा पूर्ण येतोय.’ ते म्हणाले, ‘चार पावांचा एक, मग येणारच की बाळा.’ पाढ्यांचं घोकंपट्टी म्हणून आपण इतकं वाईट बोललो की सवायकी, दिडकी, अडीचकी शाळेतून केव्हा गेल्या ते कळलंही नाही. मला वाटतं, त्या पूर्ण पाठ करून घेऊ नयेत. पण सहावीत पहिल्या आठ पायऱ्या म्हणाव्यात आणि शेजारी दशांश लिहावेत, एवढं तरी करावं. त्याच दिवशी शब्दही फोडले. पावणे म्हणजे पाव उणे. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट.

या सगळ्यात सहा मुलं मागे राहत होती. त्यांची अडचण दशांशाची नव्हतीच. परकराच्या उदाहरणात ६.७५ वजा ६.४५ त्यांना जमलं, कारण तिथे हातचा नव्हता. हातच्याची वजाबाकी आली की ती लहान अंक मोठ्यातून वजा करून मोकळी व्हायची, वर असो की खाली. त्यांच्यासाठी मी ६१७४ आणला.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले. ते निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलेली ही गंमत: कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. मी मुलांना जन्मवर्ष घ्यायला सांगितलं. २०१३ वाल्यांचं तीन वजाबाक्यांत होतं: ३२१० वजा ०१२३ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८, झाले ६१७४. २०१४ वाल्यांना मात्र पूर्ण सात वजाबाक्या कराव्या लागतात. ‘आम्हालाच का जास्त?’ म्हणत त्यांनी सातही केल्या. एरवी हातच्याच्या सात वजाबाक्या द्या बरं एका दमात!

आणि इथे मला एक गोष्ट कळली, ती मी कुठे वाचली नव्हती. जे मूल हातचा न घेता लहान अंक मोठ्यातून काढतं, त्याचं उत्तर उलटसुलट सारखं येतं. ३२१० वजा ०१२३ चे ते ३११३ करतं. पुढच्या पायरीला ३३११ वजा ११३३, त्याचे २२२२. मग शून्य. संख्या कुठलीही असो, या चुकीनं तिसऱ्या पायरीपर्यंत शून्यावर यावंच लागतं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘बाई, माझं संपलं. शून्य आलं.’ मी काही म्हणायच्या आत शेजारणीनं वहीत डोकावून सांगितलं, ‘अगं, शून्य येतच नाही, ६१७४ यायला पाहिजे. परत कर.’ तिनं परत केलं. चूक दाखवायला लाल शाई लागली नाही. सराव द्यायचा तर असा द्यावा, की चुकलं तर त्या मुलालाच कळेल. बाईंनी वह्या तपासून तीन दिवसांनी परत देईपर्यंत थांबावं लागू नये.

फसलं तेही सांगायला हवं. ‘घरं’ मी एकदा घड्याळ लावून शर्यतीसारखं खेळवलं. चार-पाच तरबेज मुलं ओरडत राहिली आणि ज्यांच्यासाठी खेळ होता ती गप्प झाली. पुन्हा तसं केलं नाही. दुसरं जास्त गंभीर. नोव्हेंबरमध्ये तीन मुलांनी ‘सव्वादोन वाजता’ हे २.२५ लिहिलं. मीटरचं घर त्यांनी आता घड्याळात नेलं होतं. दोष माझा, मी सगळा भर एकाच बाजूला दिला होता. मग आम्ही फरक बोलून घेतला: गाडी सव्वादोनला सुटते ती २:१५ ची, आणि प्रवास सव्वादोन तासांचा असेल तर तो २.२५ तास. फळ्यावर मी आता मधली सुट्टी ११:३० अशी, दोन टिंबं देऊन लिहिते. तेवढ्यानं सगळं निभावत नाही, पत्रिका आणि फलक बदलणार नाहीत, पण निदान माझ्या वर्गात तरी त्या टिंबाचे दोन अर्थ होत नाहीत.

फेब्रुवारीत परकराच्या जागी पडदा घालून तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता पाव मीटरला पंधरा सेंटीमीटर धरणारी चार मुलं होती. त्यांतल्या दोघांनी पाच प्रश्नांची फेरी सुरू केल्यावर वाचतावाचताच स्वतःची चूक धरली. किराणा दुकानातल्या मुलानं उत्तराखाली ओळ मारून कंसात काट्यावरचा आकडा लिहिला होता, मी मागितला नसताना.

राहिल्या दोन मुली. त्या अजून मधल्या सुट्टीत टेप घेऊन माझ्याबरोबर व्हरांड्यात बसतात. परवा पावणेदोन मीटर दाखवायला सांगितलं, तर एकीनं बोट आधी दोनवर ठेवलं आणि पाव मागे आणलं. तिथे किती लिहायचं, हे ती अजून शोधते आहे.